गावातलं सरकार: कोणतं काम कुणाच्या दारी

खेड्यातल्या माणसाचे सरकारी कामात पैसे जातात, त्याहून जास्त दिवस जातात. ग्रामपंचायतीत गेलं की ‘हे तलाठ्याकडं’, तलाठी म्हणतो ‘तहसीलला’, आणि तहसीलच्या खिडकीतून उत्तर येतं, ‘हे पंचायत समितीचं, समोरच्या इमारतीत विचारा.’ समोरच्या इमारतीत साहेब मीटिंगला गेलेले असतात. एक रोज बुडाला, एसटीचं भाडं गेलं आणि काम होतं तिथंच राहिलं. दरवेळी कुणी मुद्दाम फिरवत असतं असंही नाही. बऱ्याचदा दार खरंच चुकलेलं असतं. राष्ट्रपतींचे अधिकार आपण शाळेत पाठ करतो, पण वारसनोंद कुठं करायची हे तिथं कुणी शिकवत नाही.

महाराष्ट्रात ३६ जिल्हे, ३५८ तालुके आणि जवळपास २८ हजार ग्रामपंचायती आहेत. प्रत्येक गावापर्यंत सरकारच्या दोन वेगवेगळ्या साखळ्या येऊन पोचतात, आणि खेपांचं निम्मं मूळ या दोहोंच्या गोंधळात आहे.

पहिली साखळी महसुलाची. गावात तलाठी, चार-सहा सज्जांवर (सज्जा म्हणजे एका तलाठ्याचा भाग) मंडळ अधिकारी (आपण ज्यांना सर्कल म्हणतो ते), तालुक्याला तहसीलदार, त्यांच्यावर प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी, जिल्ह्याला कलेक्टर. जमीन, जात-उत्पन्नाचे दाखले, रेशन, निराधारांचं अनुदान, नुकसानीचे पंचनामे हे सगळं या रांगेत. दुसरी साखळी जिल्हा परिषदेची. गावात ग्रामपंचायत, तालुक्याला पंचायत समिती आणि तिचे बीडीओ म्हणजे गटविकास अधिकारी, जिल्ह्याला जिल्हा परिषद आणि तिचे सीईओ. नळाचं पाणी, गटार, दिवाबत्ती, घरपट्टी, घरकुल, शाळा, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र, जनावरांचा दवाखाना ही कामं इकडं. महसुलाची रांग फार जुनी आहे. दुसरी रांग वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या १९६१च्या कायद्याने आली आणि १ मे १९६२पासून चालू झाली. एकीकडचा माणूस दुसरीकडच्याचा साहेब नसतो. म्हणून सरपंचांनी तलाठ्याला ‘करून टाका’ म्हटलं तरी फेरफार होत नाही, आणि तहसीलदारांकडं नळाची तक्रार नेली तर ते ती बहुतेक वेळा बीडीओंकडं धाडतात.

मधल्या काळात पाट्याही बदलल्या. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं मिळून आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाली, आणि तलाठी कागदावर ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले. दोन्ही नावांत ‘ग्राम’ आणि ‘अधिकारी’ असल्याने गोंधळात भरच पडली. गावात अजून कुणी तसं म्हणत नाही, त्यामुळे इथंही तलाठी आणि ग्रामसेवकच म्हणतो.

या दोन्हींच्या बाहेर काही कचेऱ्या तालुक्याला स्वतंत्र बसतात: भूमी अभिलेख, दस्त नोंदवणारे दुय्यम निबंधक, तालुका कृषी अधिकारी, पोलिस ठाणे, ग्रामीण रुग्णालय. यांना ना सरपंच विचारू शकतात, ना बीडीओ.

हे नुसतं वाचून लक्षात राहणार नाही, म्हणून एक घर धरू. अठ्ठेचाळीस वर्षांचा शेतकरी. विहिरीवरची मोटार चालू करताना विजेचा धक्का बसला, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथं तो गेला. मागं बायको, म्हातारी आई, शाळेतली दोन मुलं आणि एक लग्न झालेली मुलगी. असं घर जवळपास सगळ्याच कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतं.

मृत्यूचा दाखला

पहिली चूक इथंच होते. लोक गावच्या ग्रामपंचायतीत नोंद करायला जातात. जन्म-मृत्यूची नोंद १९६९च्या कायद्याने घटना जिथं घडली तिथं होते, माणूस राहत होता तिथं होत नाही. मृत्यू तालुक्याच्या दवाखान्यात झाला, तर नोंद त्या ठिकाणच्या जन्म-मृत्यू निबंधकाकडं. घरी झाला, तर गावच्या ग्रामपंचायतीत. बाळंतपणाचंही तसंच: माहेरच्या तालुक्यात बाळ जन्मलं तर दाखला तिकडचा, सासरच्या ग्रामपंचायतीत शोधून सापडणार नाही.

नोंद २१ दिवसांत फुकट होते. तीस दिवसांपर्यंत किरकोळ विलंब शुल्क. त्यापुढं वर्षभरापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. दवाखान्यात मृत्यू झाला तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची, घरी झाला तर घरच्या कर्त्याची. दवाखान्यातला फॉर्म भरला जात असताना घरचं एक शुद्धीवरचं माणूस तिथं असलं पाहिजे, आणि नाव आधारवर आहे अक्षर न अक्षर तसंच लिहिलं जातंय हे त्याने बघितलं पाहिजे. आधारवर ‘ज्ञानदेव’, सातबाऱ्यावर ‘ग्यानबा’ आणि दाखल्यावर ‘ज्ञानोबा’ झालं, तर ही तिन्ही एकच व्यक्ती आहे हे सिद्ध करण्यात पुढचं वर्ष जाऊ शकतं. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच घ्याव्यात. प्रत्येक कचेरी एक ठेवून घेते.

अपघात असेल तर आणखी एक गोष्ट. दुःखात आणि घाईत लोक ‘चिरफाड नको’ म्हणतात आणि शवविच्छेदन टाळतात. मन मानत नाही हे खरं. पण पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद, घटनास्थळाचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल हे तीन कागद नसतील, तर पुढची जवळपास प्रत्येक मदत अडते. गावच्या पोलिस पाटलांना लगेच कळवावं. १९६७च्या ग्राम पोलिस अधिनियमाखाली नेमलेलं हे पद नावापुरतं नाही. ठाण्याला वर्दी देणं आणि पंचनाम्यात मदत करणं हे त्यांचं कामच आहे. विजेचा अपघात असेल तर महावितरणला कळवावं आणि विद्युत निरीक्षकांच्या चौकशीचा आग्रह धरावा. दोष यंत्रणेचा होता का, हे त्यांच्या अहवालावर ठरतं.

जमीन: सातबारा, फेरफार आणि घराचा उतारा

जमीन तलाठ्याकडं. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२ मिळून झालेला उतारा: सातात मालकी आणि बोजा, बारात पीक. आठ-अ म्हणजे एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन एकत्र. फेरफार म्हणजे नमुना ६, जमिनीवरचा हक्क कधी आणि कशामुळं बदलला याची नोंदवही. सातबारा बघून आज कोण आहे ते कळतं. तो तिथं कसा आला, हे फेरफारच सांगतो. भांडणात वकील आधी फेरफार का मागतात, ते यामुळं.

वारसनोंदीसाठी मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती स्वयंघोषणेसह आणि आठ-अ घेऊन तलाठ्याकडं अर्ज करायचा. ई-हक्क प्रणालीतून तो ऑनलाइनही करता येतो. तलाठी चौकशी करून फेरफार धरतात आणि संबंधितांना नोटीस काढतात. हरकतीसाठी १५ दिवस असतात. कुणी हरकत घेतली नाही, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, म्हणजे पक्की करतात. घेतली, तर ते तक्रारी प्रकरण होऊन सुनावणी लागते. तलाठी नोंद धरतो, पण पक्की करण्याचा अधिकार त्याला नाही. हे माहीत नसल्याने माणसं सज्जावर चकरा मारत राहतात आणि फाईल सर्कलकडं असते. निर्णय मान्य नसेल तर प्रांतांकडं ६० दिवसांत अपील.

लग्न झालेल्या मुलीचं नाव वारसांत घालायचंच असतं. ‘तिला काय करायचंय’ म्हणून ते गाळलं, तर आज काम उरकतं आणि दहा वर्षांनी भाचे कोर्टात उभे राहतात. मुलीला खरोखरच हिस्सा सोडायचा असेल, तर आधी तिचं नाव लागतं, मग ती दुय्यम निबंधकांकडं हक्कसोडपत्र नोंदवते. साध्या कागदावर अंगठा घेऊन हे होत नाही. आणि वारसनोंद म्हणजे वाटणी नव्हे. सगळ्यांची नावं सातबाऱ्यावर चढली तरी जमीन सामाईकच राहते. सहमती असेल तर वाटप तहसीलदारांकडून जमीन महसूल संहितेच्या कलम ८५खाली करून घेता येतं.

वारसनोंद टाळण्याची सवय इतकी जुनी होती, की २०२५मध्ये राज्याला ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढून मयत खातेदारांची नावं कमी करावी लागली. आजोबांच्या नावावरचा सातबारा तोवर चालतो, जोवर पीककर्ज, पीकविमा किंवा अतिवृष्टीची मदत मागायची वेळ येत नाही.

उताऱ्यासाठी तलाठ्याकडं जायची गरज मात्र राहिलेली नाही. महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मिळतो आणि तो सरकारी कामाला चालतो. फुकट दिसतो तो नुसता बघण्यासाठी. बँकेत तो दिला की परत येतो.

आता घर. इथं साखळी बदलते. गावठाणातलं घर सातबाऱ्यावर नसतं, ते ग्रामपंचायतीच्या नमुना ८ला असतं. लोक त्यालाच ‘घराचा उतारा’ म्हणतात आणि मालकीचा कागद समजतात. नमुना ८ हे कर आकारणीचं रजिस्टर आहे. घरपट्टी कोण भरतो, हे त्यावरून कळतं. मालकी त्याने सिद्ध होत नाही. म्हणूनच बँका त्यावर कर्ज द्यायला कां-कूं करतात. गावठाणातल्या मिळकतींना मालकीचा नीट कागद मिळावा म्हणून २०२०पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी सुरू झाली, आणि मोजणी झालेल्या गावांत भूमी अभिलेख खात्याकडून मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड मिळतं. गावात मोजणी होऊन गेली असेल तर आपल्या घराची पत्रिका तपासून घ्यावी. शेजाऱ्याचा ओटा आपल्यात किंवा आपलं परसू त्याच्यात गेलेलं असू शकतं. हे आज कळलं तर बरं.

पैसा: जो मागितल्याशिवाय येत नाही

मृताचं बँकेचं पासबुक भरून आणावं आणि मे-जूनच्या नोंदी बारकाईनं बघाव्यात. ४३६ रुपये कापलेले दिसले तर जीवनज्योती विमा आहे. वीस रुपये कापलेले दिसले तर सुरक्षा विमा. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी दोन लाख मिळतात, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला दोन लाख. वरच्या घरात दोन्ही लागू होऊ शकतात. खातं उघडताना कुणीतरी फॉर्मवर सही घेतलेली असते, घरात कुणालाच आठवत नसतं, आणि बँक आपणहून फोन करून सांगेल याची खात्री नाही. या दोन ओळी शोधायला पाच मिनिटं लागतात.

शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यूला दोन लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर एक लाख. वीज पडणं, विजेचा धक्का, सर्पदंश, विहिरीत पडणं हे सगळं यात बसतं. आत्महत्या आणि नैसर्गिक मृत्यू बसत नाहीत. सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच मिळतं असा समज आहे, पण खातेदाराच्या कुटुंबातल्या एका सदस्यालाही तिचा लाभ आहे. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं, तीस दिवसांच्या आत. तेराव्यापर्यंत कुणी काही बोलत नाही आणि मग सतराच दिवस उरतात. भावकीतल्या एखाद्या शिकलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात हे काम सांगून टाकावं.

विधवेसाठी संजय गांधी निराधार अनुदान, दरमहा १५०० रुपये. म्हाताऱ्या आईचं वय ६५ झालेलं असेल तर श्रावणबाळ योजना. दोन्हींचे अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत. उत्पन्नाची अट मात्र वर्षाला २१ हजार रुपये, म्हणजे महिन्याला १७५०. आजच्या मजुरीत एवढ्या उत्पन्नाचं घर शोधून दाखवणं कठीण आहे. या अटीमुळंच दाखल्यावरचे आकडे सगळीकडं सारखे दिसतात, हे कचेरीतही ठाऊक असतं. घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल आणि गेलेला कर्ता माणूस १८ ते ५९ वर्षांचा असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच वीस हजार मिळतात. तेही याच शाखेत.

मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे आणि ती फार थोड्या घरांना माहीत असते. आई किंवा वडील यांपैकी एक गेलेल्या मुलाला दरमहा २२५० रुपये मिळू शकतात. हे काम महिला व बालविकास खात्याचं, त्यामुळे तहसील किंवा पंचायत समितीत विचारलं तर खांदे उडवले जातात. जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागतं आणि बालकल्याण समितीपुढं प्रकरण येतं. गावची अंगणवाडी सेविका किंवा शाळेचे मुख्याध्यापक अर्जाची वाट दाखवू शकतात.

रेशनकार्डावर मृताचं नाव कमी करायचं आणि कार्ड घरातल्या थोरल्या बाईच्या नावावर करायचं, तहसीलच्या पुरवठा शाखेत. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत वडील स्त्रीच कुटुंबप्रमुख मानली जाते, त्यामुळे ‘पुरुषाचं नाव लागतं’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नये. अंत्योदयला कार्डामागं ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य, आणि जानेवारी २०२३पासून ते फुकट आहे. यंत्रावर अंगठा दिला की पावती निघते. ती मागून घ्यावी आणि वजन तिच्याशी ताडून बघावं. दुकानदाराने ‘वरून कमी आलंय’ म्हटलं तर १९६७ या नंबरला फोन करता येतो. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर बाहेर गेलात, तर त्याच कार्डावर तिथल्या दुकानात धान्य मिळतं. गावच्या दुकानात नाव अडकून पडत नाही.

दाखले

बहुतेक दाखल्यांचे अर्ज गावातल्या ‘आपले सरकार सेवा केंद्रा’त भरले जातात. दर फलकावर लावलेले असले पाहिजेत. ऐन जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी सगळा तालुका एकदम तिथं येतो आणि सर्व्हर बसतो, म्हणून उत्पन्नाचा दाखला एप्रिल-मेमध्येच काढून ठेवावा. तो तहसीलचा. जातीचा दाखला प्रांतांचा, आणि जातपडताळणी जिल्ह्याच्या समितीची. दाखला आणि पडताळणी या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि बारावीनंतर मुलं जिथं अडकतात ती दुसरी पायरी.

जातीच्या दाखल्याला जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त आणि भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांना किंवा त्याआधी कुटुंब महाराष्ट्रात होतं, हे दाखवावं लागतं. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेचं जनरल रजिस्टर शोधा. गेले नसतील, तर गाव नमुना १४, म्हणजे जुनं कोतवाल बुक. त्यात गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी जातीसकट असत. ही बुकं तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. काही पानं वाळवीने खाल्लेली असतात, काही मोडी लिपीत असतात. पालावर जन्मलेल्या आणि गावोगाव फिरलेल्या माणसांची नोंद कुठल्याच बुकात नसते. नेमकी ज्यांच्यासाठी सवलत आहे, त्यांनाच कागद सापडत नाही. अशांसाठी गृहचौकशीची सोय आहे, पण ती लेखी मागावी लागते.

रहिवासी असल्याबद्दल ग्रामपंचायतीकडून उगाच दाखले आणायला लावण्याची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. २०१५मध्येच शासनाने बहुतेक कामांना प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र चालेल असं ठरवलं. शंभर-पाचशेचा स्टॅम्प आणायला सांगितला, तर कोणत्या नियमाने, एवढं शांतपणे विचारावं.

पोच घेतली का?

कोणत्याही अर्जाची पोच हातात नसेल, तर तो अर्ज तुम्ही दिलेलाच नाही असं समजा. शिक्का, तारीख, सही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५पासून आहे. ज्या सेवा त्यात अधिसूचित आहेत त्यांना दिवसांची मुदत असते, आणि कोणती सेवा कोण अधिकारी किती दिवसांत देणार याचा फलक प्रत्येक कचेरीत लावणं बंधनकारक आहे. जन्म-मृत्यू-विवाहाची नोंद, नमुना ८, थकबाकी नसल्याचा दाखला या ग्रामपंचायतीच्या सेवाही त्यात येतात. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला, तर तीस दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. रक्कम लहान आहे, पण ती स्वतःच्या पगारातून जाते आणि सेवापुस्तकाची भीती वेगळीच. मुदत मोजायला सुरुवात अर्जाच्या तारखेपासून होते, आणि ती तारीख फक्त पोचवर असते. तोंडी विचारपूस करत तीन महिने घालवलेल्या माणसाचा एक दिवसही मोजला जात नाही.

जी कामं या कायद्यात येत नाहीत, त्यांच्यासाठी माहिती अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली आणि तो सध्या कोणाच्या टेबलावर आहे’ एवढंच विचारायचं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माझं निरीक्षण असं, की ही एक ओळ पानभर तक्रारीपेक्षा जास्त काम करते. तिला उत्तर द्यायचं तर आधी फाईल शोधावी लागते.

कोर्टकचेरीची वेळ आलीच, तर तालुक्याच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रिया, मुलं, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. इतरांना वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. वर सांगितलेल्या घरातल्या बाईला सासरच्यांनी जमिनीवरून हुसकावायला सुरुवात केली, तर तिने आधी इथं जावं. फोन १५१००.

दवाखाना

आरोग्याची उतरंड साधी आहे. हजार लोकवस्तीमागं एक आशा, पाच हजारांमागं उपकेंद्र, तीस हजारांमागं प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगरी-आदिवासी भागात हे आकडे तीन हजार आणि वीस हजार. त्यावर ग्रामीण रुग्णालय. इथंही साखळी तुटते: प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, त्याची तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं. ग्रामीण रुग्णालय राज्याचं, त्याची तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडं. १५ ऑगस्ट २०२३पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत.

१०८ची गाडी तातडीसाठी, १०२ची गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी. १०२ घरून दवाखान्यात नेते आणि बाळंतपणानंतर घरी आणूनही सोडते. परतीची गाडी मागायचं बहुतेकांना सुचत नाही, आणि दोन दिवसांचं बाळ वडापच्या जीपने घरी येतं. मोठ्या आजाराला महात्मा फुले जन आरोग्य योजना, जुलै २०२४पासून कुटुंबामागं वर्षाला पाच लाखांपर्यंत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. पैसे भरायच्या आधी, रेशनकार्ड आणि आधार घेऊन, तिथं जावं. आधी भरलेले पैसे मागून परत मिळवणं महाकठीण. साप चावला तर वेळ मांत्रिकाकडं घालवू नये. लस प्राथमिक केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात मिळते, आणि निघतानाच फोन करून ‘आहे ना?’ विचारून घ्यावं. जनावर आजारी असेल तर फोन १९६२. बिबट्या किंवा रानडुकरांचा त्रास असेल तर वनखात्याचा १९२६.

ग्रामसभा

आतापर्यंतची सगळी दारं एकेका माणसासाठी आहेत. गावाच्या पैशाचं दार ग्रामसभा. वर्षाला निदान चार सभा घ्याव्या लागतात, आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा. वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो. पंधराव्या आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के वाटा दिव्यांगांसाठी, दहा टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चायचा असतो. गावातल्या एखाद्या दिव्यांग माणसाने ‘माझ्या पाच टक्क्यांचं गेल्या वर्षी काय केलं?’ हा प्रश्न सभेत उभं राहून विचारला, तर उत्तर देणं भाग आहे. ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर आपल्या पंचायतीने कोणत्या कामावर किती खर्च दाखवला, ते कुणालाही बघता येतं. झालेला रस्ता तिथं आधी बघावा आणि मग प्रत्यक्ष चालून बघावा.

सभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांत जे कमी असेल ते. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. दोन-तीन हजारांच्या गावात गावभराच्या कामांचा आराखडा अशा सभेत पंधरा-वीस जणांच्या सह्यांवर मंजूर होऊ शकतो, आणि तो कायदेशीरच असतो. सभेला जाणं जमलं नसेल, तर निदान इतिवृत्ताची नक्कल अर्ज देऊन मागावी. तिथंही पोच घ्यावी.